आजोबांच्या आजोबांपर्यंत कसं पोहोचायचं? तालुक्याच्या दप्तरातून घराण्याचा शोध

कोरेगावकर

नमस्कार मंडळी.

घराण्याची वंशावळ कागदाच्या आधारानं वर न्यायची आहे. हाताशी आहे ते असं: मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. सध्याचा सातबारा आहे, त्यावर गट नंबर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, जन्मतारीख १ जून १९२६. तोंडी वंशावळ पाच नावांची, पण वरची दोन नावं प्रत्येक जण वेगळी सांगतो. एक शाखा दुष्काळात मराठवाड्यातल्या परांडा तालुक्यात गेली म्हणतात. तिकडचा कागद एकही नाही.

सुरुवात कुठून करावी? तहसीलमध्ये नेमकं काय मागायचं? साधारण १९०० च्या मागे जाता येतं का, आणि मोडी न येणाऱ्यानं काय करायचं? जातीच्या दाखल्यासाठी नाही, निव्वळ वंशावळीसाठी हवं आहे.

---

जुनं दप्तर

पहिली गोष्ट, नाव घेऊन शोधायला जाऊ नका, जमिनीचा नंबर घेऊन जा. महसुलाचं दप्तर गावावर आणि सर्व्हे नंबरावर लावलेलं असतं. "आमच्या पणजोबांची नोंद बघायची आहे" असं म्हटलंत तर समोरचा कारकून हात वर करणार, आणि त्याचं चुकतही नाही.

क्रम असा ठेवा. आजच्या सातबाऱ्यावर नावांशेजारी किंवा वर फेरफारांचे, म्हणजे नावबदलाच्या नोंदींचे, नंबर असतात. ते सगळे एका कागदावर उतरवा. मग ऑनलाइन नव्हे, जुना हस्तलिखित सातबारा मागा. संगणकावरचा सातबारा हा शेवटच्या हस्तलिखितावरून केलेला आहे, त्यात जुनी कमी झालेली नावं नाहीत. हस्तलिखितात कमी केलेलं नाव कंसात घातलेलं दिसतं आणि कोणत्या फेरफारानं कमी झालं तो नंबर शेजारी वर्तुळात असतो. हा कंसातला माणूस म्हणजे तुमची वरची पिढी. दर काही वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन होतं, त्यामुळे एकाच नंबराचे तीन-चार जुने सातबारे असतात. ते सगळे घ्या. पुनर्लेखनात फेरफाराचा नंबर गळणं, 'सखाराम' चा 'सखाहरी' होणं, पोटहिस्सा चुकणं हे नेहमीचं. दोन सातबाऱ्यांमध्ये नाव फेरफाराशिवाय बदललेलं दिसलं तर बहुधा लिहिणाऱ्याची चूक असते, नवा माणूस नसतो.

आता तुमची पहिली अडचण गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी वेगवेगळ्या साली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट आले. त्यामागचे कागद जुन्या सर्व्हे नंबरावर आहेत. म्हणून उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून एकत्रीकरणाचा जुना-नवा नंबरांचा तक्ता आधी काढा. एक गट दोन-तीन सर्व्हे नंबरांच्या तुकड्यांचा असू शकतो आणि त्यातला एखादा तुकडा अदलाबदलीत दुसऱ्या घराण्याकडून आलेला असतो. तो तुकडा धरून मागे गेलात तर शेजाऱ्याची वंशावळ तयार होते. वंशावळी चुकण्याचं हे बहुधा सगळ्यात मोठं कारण.

जुना सर्व्हे नंबर हाती आला की गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. जुने लोक हिला ड-पत्रक म्हणतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात घातला गेला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात फेरफारांची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मिळते. फेरफार नंबर १ पासून वही सुरू होते. गाव लहान असेल तर पहिली वही अख्खी वाचा, एका दिवसात होते.

वारसाच्या फेरफारात काय बघायचं: कोण, कधी मयत, वारस कोण, त्यांचं नातं, वय, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा मंजुरीचा शेरा. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख यांत दहा-दहा वर्षांचं अंतर असतं, कारण कर्ज काढायचं किंवा जमीन विकायची वेळ आली की मगच लोक वारस लावायला जात. नोंदीच्या सालाला मृत्यूचं साल समजू नका. शेजारी गाव नमुना ६-क, वारसांची नोंदवही, असेल तर तीही बघा. तिच्यात चौकशी जास्त तपशिलात असते.

काही खुणा: 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' आणि 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, यात बहुतेक वेळा आईचं नाव सापडतं आणि मुलगा त्या साली अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता एवढं नक्की होतं. 'ए.कु.क.' किंवा 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. इथे सावध राहा. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं आणि खालचे भाऊ कागदावर दिसतच नाहीत. ते पुढे वाटणीच्या फेरफारात उगवतात.

मुली कुठे गेल्या असा प्रश्न पुढे पडेलच. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून. त्याआधीच्या वारस नोंदीत विधवा दिसेल, मुली सहसा नाहीत. १९५६ नंतर मुली दिसतात, पण सातबाऱ्याच्या मुख्य रकान्यात नव्हे, 'इतर अधिकार' मध्ये. जुन्या सातबाऱ्याचा तो रकाना सोडून वाचणारे घराण्याची निम्मी माणसं सोडतात.

---

नोंदवही

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर घालतो. जमिनीच्या कागदात फक्त जमीन असणारी माणसं सापडतात. लहानपणी गेलेली मुलं, धाकट्या भावजया, भूमिहीन चुलते यांच्यासाठी गाव नमुना १४ बघा. ही जन्म-मृत्यूची नोंदवही, बोलीत कोतवाल बुक. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. टिकून राहिलेल्या वह्या गावागणिक कमीजास्त आहेत.

ही वही वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बाप, जात, गाव, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. बारसं व्हायच्या आधीच कोतवालानं वर्दी दिलेली असायची. म्हणून 'आजोबांचं नाव सापडत नाही' म्हणून वही मिटू नका, त्यांच्या वडिलांच्या नावाखाली १९२३ ते १९२९ मधले सगळे मुलगे लिहून काढा.

सात वर्षं धरायचं कारण तो १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. गुरुजी अंदाजानं वय धरून १ जून टाकायचे. त्या तारखेचा दिवस-महिना सोडून द्या, सालही दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा.

दाखल्यापेक्षा मूळ जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. दाखला म्हणजे नक्कल, आणि नक्कल करताना रकाने सुटतात. रजिस्टरात जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडण्याचं कारण असतं. तुमची शाखा गाव सोडून गेली असेल तर 'परगावी गेल्यामुळे नाव कमी' अशा शेऱ्यावरून साल कळू शकतं. शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. पालकाच्या रकान्यात मामाचं नाव असू शकतं, बापच असेल असं नाही.

मृत्यूच्या पानांवर १९१८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आधी उघडा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातले तीन-चार मृत्यू ओळीनं लागलेले दिसतात आणि 'ताप' असं कारण लिहिलेलं असतं. वंशावळीत एखादी फांदी अचानक थांबते, किंवा पोरकी मुलं चुलत्याच्या नावाखाली दिसायला लागतात, त्याचा उलगडा कितीदा तरी याच पानांवर होतो.

आणि हो, जनगणनेची घरोघरची पत्रकं बघायला मिळत नाहीत, कायद्यानंच ती गोपनीय आहेत. त्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी तहसीलमध्ये 'नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही १९५१' आहे का विचारा. १९५१ च्या जनगणनेवरूनच ती गाववार, घरवार उतरवली होती. जिथे ती टिकली आहे तिथे एका घरात कोण कोण राहत होतं, वय काय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव काय, हे एका पानावर मिळतं. ही वही आधी हाती आली तर पुढचं सगळं काम अर्ध्यावर येतं.

---

कोरेगावकर

दोघांचेही आभार. आपले अभिलेख या संकेतस्थळावर तालुका, गाव निवडून बघितलं. सर्व्हे नंबर टाकल्यावर फेरफार सापडत नाहीत, सातबारे थोडे सापडले. तहसीलला अर्ज कसा करायचा? माहितीच्या अधिकारात की साधा?

---

जुनं दप्तर

फेरफार सर्व्हे नंबरावर नव्हे, फेरफार क्रमांकावर लावलेले असतात. आधी सातबाऱ्यावरून क्रमांक काढा, मग अभिलेखाचा प्रकार बदलून तो क्रमांक टाका. तरीही रिकामं आलं तर मागचे-पुढचे पाच क्रमांक उघडून बघा. स्कॅन करताना एका पानावरच्या दोन-तीन नोंदी पहिल्याच क्रमांकाखाली गेलेल्या असतात. शेजारच्या गावाच्या नावाखाली पडलेली वहीही दिसते, विशेषतः 'बुद्रुक' आणि 'खुर्द' असलेल्या गावांत.

नक्कल हवी असेल तर साधा नक्कल अर्जच बरा. कोर्ट फी स्टॅम्प लावून गाव, नमुना, क्रमांक, साल स्पष्ट लिहायचं. माहितीचा अधिकार कधी वापरायचा? क्रमांक ठाऊक नाही आणि वही स्वतः चाळायची आहे तेव्हा, 'अवलोकन' मागण्यासाठी. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'माझ्या घराण्याची माहिती द्यावी' असा अर्ज हमखास फेटाळला जातो, कारण कार्यालयानं शोध घेऊन माहिती तयार करून देणं त्या कायद्यात बसत नाही. असं लिहा: 'मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९१० ते १९३० या नोंदवह्यांचे अवलोकन करू द्यावे व निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात.'

आणखी एक. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायम ठेवायचे, 'ब' ३० वर्षं, 'क' त्याहून कमी, 'ड' वर्षभर. नोंदवह्या कायमच्या, पण त्या नोंदीमागचे जबाब आणि अर्ज खालच्या वर्गात जाऊन नष्ट झालेले असतात. 'नोंद आहे पण कागद नाही' असं उत्तर आलं की लगेच लपवाछपवीचा संशय घेऊ नका. अशा वेळी नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची नक्कल मागा.

तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, अर्जावर तेच लिहा.

---

बालाघाट

परांड्याच्या शाखेबद्दल लिहितो, कारण तिकडे वरचं निम्मं लागू पडत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मुंबई इलाख्याचे नमुने तिथे नंतर आले. तिथे हे मागा: १९५४-५५ चं खासरा पत्रक, १९५१ च्या सुमाराचं पहाणी पत्रक, क-पत्रक आणि त्यामागे सेतवार. खासरा पत्रक हा तिकडचा पाया. त्यात मालक कोण आणि प्रत्यक्ष कसणारा कोण हे वेगळं दिलेलं असतं. दुष्काळात आलेलं घर पहिल्या पिढीत मालक म्हणून सापडण्याची शक्यता कमी. कसणाऱ्याच्या रकान्यात शोधा.

जुने कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तिकडचं महसुली वर्ष. फसलीत ५९० मिळवा की इसवी सन येतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९०, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५१ फसली हे ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन, अस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आजूर पहिला. 'माहे दै' दिसलं की नोव्हेंबर-डिसेंबर समजा. नाव लिहिताना 'वल्द' बहुतेक सगळीकडे, बाईच्या नावात 'जौजे'. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा लिहीत नाहीत, त्यामुळे 'गणपत' आणि 'गुणपत' दिसायला सारखेच. आडनाव तर अंदाजानंच वाचायचं. वाचून देणाऱ्याला गावातल्या आडनावांची यादी आधी हातात द्या, निम्म्या चुका टळतात.

शाखेकडे देवस्थानाची किंवा सेवेची इनाम जमीन असेल तर 'मुंतखब' शोधा. अतियात, म्हणजे इनामांच्या, खात्यानं विरासतीची (वारसाहक्काची) चौकशी करून दिलेला तो निकाल. त्यात वारसांची साखळी येते. निजामाच्या मध्यवर्ती दप्तरातले कागद हैदराबादला तेलंगणा राज्याच्या अभिलेखागारात आहेत, पण गावपातळीवरचं आधी जिल्ह्यातच बघा.

गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत बऱ्याच जिल्हा प्रशासनांनी जुन्या नोंदींच्या पानांची छायाचित्रं गाववार संकेतस्थळांवर टाकली आहेत. तुमचा हेतू वेगळा असला तरी पानं तीच. मोडीतल्या नोंदींचं लिप्यंतरही कुठेकुठे सोबत आहे. फक्त ती निवडक पानं आहेत. तिथे नाव नाही म्हणजे दप्तरातच नाही असं होत नाही. आणि गॅझेटियर चाळण्यात वेळ घालवू नका, त्यात जातवार आकडे असतात, माणसांची नावं नसतात.

---

कोरेगावकर

बालाघाट, फसलीचा खुलासा फार कामाचा. फेरफार मिळाला. मजकूर थोडक्यात असा (आडनाव काढलं आहे): 'सखाराम बिन रामा मयत. वारस मुलगे गोविंदा, बाळा, व शंकर अ.पा.क. आई सगुणाबाई.' नोंद १९३१ ची. त्याच सर्व्हे नंबरावर आणखी एक माणूस आहे, 'रामा बिन गोविंदा', त्याच्यापुढे '० – २ – ८' असा आकडा, आणि सखारामच्या पुढे '० – ५ – ४'. हे क्षेत्र वाटत नाही. हा रामा म्हणजे सखारामचा बाप असेल का?

---

आणेवारी

हा आकडा तुम्हाला सगळ्यात जास्त सांगून जाईल. हे क्षेत्र नाही, हिस्सा आहे. पूर्ण जमीन म्हणजे एक रुपया, १६ आणे, दर आण्याचे १२ पै. एकूण १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, बरोबर तिसरा हिस्सा. २ आणे ८ पै म्हणजे ३२ पै, सहावा हिस्सा, म्हणजे तिसऱ्याचा निम्मा.

आता मांडणी करा. मूळ पुरुषाला तीन मुलगे, प्रत्येकाला ५-४. सखारामच्या नावावर एक तृतीयांश अख्खा, म्हणजे तो एकतर त्या तिघांपैकी एक, किंवा तिघांपैकी एकाचा एकुलता वारस. 'रामा बिन गोविंदा' याला २-८, म्हणजे त्याच्या शाखेचा तिसरा हिस्सा दोघांत वाटला गेला. त्याला एक भाऊ असणार, ज्याच्या नावापुढेही २-८ असेल. तो शोधा. आणि तिसरी शाखा ५-४ ची, एका नावावर किंवा तुकड्यांत, तीही असणार. सगळ्यांची बेरीज १६ आणे आली तरच तुमची मांडणी बरोबर. बेरीज कमी पडली तर एखादं नाव पुनर्लेखनात गळलेलं आहे किंवा हिस्सा विकलेला आहे.

त्यामुळे हा रामा सखारामचा बाप नाही. तो दुसऱ्या शाखेतला, बहुधा सखारामच्या भावाचा मुलगा किंवा नातू. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे रामा-गोविंदा-रामा-गोविंदा अशी उलटसुलट माळ तयार होते आणि चुलत घरांत तीच तीन नावं फिरत राहतात. तुमच्या तोंडी वंशावळीतली वरची दोन नावं प्रत्येक जण वेगळी सांगतो म्हणालात, ते बहुधा यामुळेच. कुणी सरळ वर जातंय, कुणी चुलत फांदीवर चढतंय. नावावरून नाही, हिश्श्यावरून फांदी ठरवा.

यासाठी फक्त आपल्या पोटहिश्श्याचे कागद पुरत नाहीत. सर्व्हे नंबर समजा १२ असेल आणि तुमचा हिस्सा १२/३, तर १२/१ पासून शेवटपर्यंत सगळ्या हिश्श्यांचे जुने सातबारे काढा. मूळ नंबर फुटला तेव्हाचं आकारफोड पत्रक आणि फाळणी भूमी अभिलेखमध्ये मिळते. कोणता हिस्सा कुणाच्या नावे फुटला ते तिथे आहे. शेजारचे हिस्सेदार हेच तुमचे भाऊबंद.

विक्री झालेली असेल तर दुय्यम निबंधकाकडचं खरेदीखत बघा. सूची १ नावावर असते, सूची २ मिळकतीवर. पुस्तक क्रमांक १ मधल्या स्थावराच्या दस्तांची नक्कल कुणालाही मिळते. दत्तकाचा अधिकार आणि मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये, तिथे मात्र बंधनं आहेत. खरेदीखतात चतुःसीमा आणि संमती देणाऱ्यांची नावं जरूर वाचा. 'पूर्वेस आमचे चुलते अमुक यांची जमीन' एवढ्या एका ओळीनं नातं पक्कं होतं.

दत्तकाचा संशय कधी घ्यायचा? बापाचं नाव मधेच बदललेलं दिसलं, किंवा एकाच माणसाच्या नावापुढे दोन कागदांत दोन वेगळे बाप असले तर. अशा वेळी दोन माणसं मानण्याआधी दत्तक तपासा.

---

मोडीवाला

१९०० च्या मागे जायचं विचारलंत. जाता येतं, पण दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा इंग्रजी सर्व्हेचा. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं, त्यानंतर तिथे मोजणी होऊन धारा, म्हणजे शेतसारा, बसला. त्या वेळची आणि तीस वर्षांनी झालेल्या फेरमोजणीची कागदं भूमी अभिलेखमध्ये रुमालात बांधून ठेवलेली असतात: प्रतिबुक, क्षेत्रबुक, शेतवार पत्रक, सूड, टिपण. टिपणात जमिनीची मापं असतात, नावासाठी शेतवार आणि सूड बघा. १९१३ च्या पहिल्या फेरफारातलं नाव आणि फेरमोजणीतलं खातेदाराचं नाव यांचा सांधा जुळवायचा. मधे कागद नसलेली वीस-तीस वर्षं राहतात. तो सांधा सर्व्हे नंबर, आकार (शेतसाऱ्याची रक्कम) आणि 'बिन' नंतरचं नाव या तिन्हींवरून जुळला तरच धरा.

ही कागदं मोडीत. लिपी शिकायला महिना-दोन महिने रोज तासभर पुरतो, पण छापील तक्त्यावरून हस्ताक्षर वाचता येईल असं समजू नका. मोडीत आधी सबंध ओळभर रेघ ओढून मग अक्षरं टांगलेली असतात, शब्दांमध्ये जागा नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. सुरुवात खतापत्रांवरून न करता याद्यांवरून करा. यादीत तेच शब्द दर ओळीला येतात, 'बिन' ची खूण एकदा डोळ्यांत बसली की त्याच्या दोन बाजूंची नावं सुटी दिसायला लागतात. लिप्यंतर करून घेणार असाल तर मूळ पानाचं छायाचित्र जपून ठेवा आणि शंकेच्या अक्षराखाली रेघ मारून मागा. शंका न दाखवता गुळगुळीत वाचून दिलेलं लिप्यंतर कमी विश्वासाचं.

दुसरा टप्पा पेशवाई आणि छत्रपतींच्या काळाचा. त्याचं घर पुणे पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. इथे साध्या रयतेच्या घराण्याला स्पष्ट सांगतो: पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलेपण, इनाम असं काही वतन असेल तर कागद मिळण्याची शक्यता चांगली, कारण वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष आपापली पिढीवार हकिकत लिहून देत. महजर (निवाडा), करीना (पक्षाची हकिकत), कैफियत हे शब्द सूचीत शोधा. वतन नसेल तर गावचा थळझाडा मिळतो का बघा, त्यात मिरासदारांची (वंशपरंपरेनं जमीन असणाऱ्यांची) थळं, म्हणजे शेतं, घराण्याच्या नावानं असतात. नाव सापडलं तरी मधली साखळी जोडता येईलच असं नाही. करीन्यातली वंशावळ ही दाव्यासाठी लिहिलेली असते, प्रतिपक्षाचं म्हणणंही वाचून मग धरा.

साल वाचताना गडबड होते ती सुहूर सनाची, म्हणजे मराठी दप्तरातल्या अरबी कालगणनेची. तो अंकात नाही, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात, एकं आधी, मग दहं, मग शतक. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६० येतं. वर्ष मृगापासून सुरू, म्हणून जानेवारी ते मेच्या अखेरपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. पानिपताचा संग्राम जानेवारी १७६१ चा, तो याच सनात पडतो, पडताळा घ्यायला सोपं. शकाला चैत्रापासून ७८, आणि जानेवारीत पडणाऱ्या पौषापासून फाल्गुनापर्यंत ७९.

---

नोंदवही

थोडं विषयांतर. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हेळवी येतात का घरी? पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ सांगणं हाच त्यांचा व्यवसाय, काहींकडे वह्याही असतात. तसंच त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. तिथे आडनावापेक्षा गावाच्या नावानं शोध लागतो, तेव्हा मूळ गाव आणि जुना तालुका दोन्ही सांगा. वहीत यात्रेकरूनं स्वतः सांगितलेली नावं असतात, सोबत आलेल्या भावांची आणि बायकांचीही. बायकांची नावं महसुलात सहसा मिळत नाहीत ती इथे मिळतात. पण हेळव्याची किंवा उपाध्यांची वंशावळ आधी ऐकली की माणूस कागदात तीच शोधायला लागतो. म्हणून कागदाचं काम १९१३ पर्यंत झाल्यावर मगच तिकडे जा.

---

कोरेगावकर

आणेवारींच्या सांगण्यावरून सगळे पोटहिस्से काढले. दुसरं २-८ सापडलं, 'बाबू बिन गोविंदा'. तिसरी शाखा दोन नावांवर आहे, एकाला ३-०, दुसऱ्याला १-४. बेरीज १५ आणेच भरते. एक आणा कुठे गेला?

---

आणेवारी

तिसऱ्या शाखेचे ५-४ व्हायला हवेत, तुमच्याकडे ४-४ आहेत. एक आणा नेमका गेला आहे, म्हणजे वाटणी नव्हे. वाटणीत निम्मे, तिसरे असे तुकडे पडतात. ५-४ चे दोन भाऊ असते तर २-८ आणि २-८ झाले असते. ३-० आणि १-४ हे तसे तुकडे नाहीत, तेव्हा एक आकडा चुकीचा उतरलेला दिसतो. '४-०' चं '३-०' झालं असेल तर ४-० आणि १-४, बेरीज ५-४. म्हणजे चार भाऊ, प्रत्येकी १-४, त्यातल्या तिघांचे हिस्से एकाकडे आलेले. मोडीत किंवा घाईच्या बाळबोधीत ३ आणि ४ मध्ये गल्लत व्हायला वेळ लागत नाही. पुनर्लेखनाच्या आधीचा सातबारा काढून तो आकडा बघा, आणि ४-० वाल्याच्या नावावर हक्कसोड किंवा भावांच्या मृत्यूचे दोन-तीन फेरफार सापडतात का ते तपासा. परांड्याला गेलेली शाखा हीच असण्याचा संभव आहे. गाव सोडणारा माणूस हिस्सा भावाला देऊन जातो, त्या फेरफारात 'हल्ली राहणार' पुढे काय लिहिलंय ते आधी वाचा.